वाळवंटातला पूर किती दिवस टिकतो? पाणपक्षी प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी

विषय अखेर फायनल झाला. कोरड्या भागातल्या नद्यांना पूर आला की पाणपक्ष्यांच्या संख्येचं काय होतं, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातल्या नद्या घ्यायच्या. तिथे दोन मोठी खोरी एकमेकांना लागून आहेत. एक कटी थांडा-लेक एअर या सरोवराचं, साधारण १२ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे खंडाचा जवळजवळ सहावा भाग, आणि दुसरं मरे-डार्लिंगचं. पहिल्यातल्या नद्या अजून बऱ्यापैकी मोकळ्या वाहतात, दुसऱ्यात धरणं, कालवे, कापसाची शेती आणि शेतांवरची प्रचंड साठवण तळी. डोक्यावरचं आकाश तेच, दुष्काळही बरेचदा एकत्रच येतात, पक्षीसुद्धा इकडून तिकडे उडत असतात त्यामुळे प्रजाती बऱ्याचशा सारख्या. एवढी चांगली तुलना मुद्दाम ठरवून उभी करता आली नसती.

सरांनी एकच प्रश्न विचारला, पूर मोजणार म्हणजे नेमकं काय मोजणार, उंची, पसारा की दिवस? मी पसारा म्हणालो कारण सॅटेलाईटवरून तोच सहज मिळतो. त्यांनी नुसती मान हलवली. प्रश्न वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

११ जानेवारी

आज फक्त वाचन. पाणी येतं कुठून हे आधी डोक्यात नीट बसायला हवं होतं.

लेक एअरचा तळ समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ मीटर खाली आहे, खंडातली सगळ्यात खालची जागा. तिथे स्वतःचा पाऊस अगदीच कमी, वर्षाला दीडशे मिलिमीटरसुद्धा नाही, आणि बाष्पीभवन मात्र वर्षाला अडीच मीटरच्या वर. म्हणजे सरोवर भरतं ते दुसरीकडे पडलेल्या पावसावर. क्वीन्सलँडच्या पश्चिम भागात मोठा पाऊस झाला की जॉर्जिना, डायमँटिना आणि कूपर क्रीक फुगतात, जमिनीला उतार जवळपास नाहीच, त्यामुळे पाणी असंख्य फाट्यांमधून पसरत जातं, काही ठिकाणी तर पुराची रुंदी कित्येक किलोमीटर होते, आणि खाली पोचायला आठवडे, कधी महिने लागतात. वाटेत निम्म्याहून जास्त पाणी माती, डोह आणि ऊन यांच्याकडेच जातं. २०२५ मध्ये मार्चअखेरीला तिकडे भयंकर पाऊस झाला आणि त्याचं पाणी लेक एअरमध्ये शिरायला मे उजाडला. विसाव्या शतकात सरोवर सगळ्यात जास्त भरलं ते १९७४ ला.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की सरोवरापर्यंत न पोचलेलं पाणी वाया गेलेलं नसतं. बातम्यांमध्ये फक्त 'सरोवर भरलं का' एवढंच येतं. वाटेवरचे डोह, कूंगी लेक्ससारखी गोड्या पाण्याची तळी, लिग्नमच्या झुडपांचे पट्टे, हे सगळं आधी भरतं आणि पक्ष्यांचं अर्ध्याहून जास्त काम तिथेच होतं.

१३ जानेवारी

कोरड्या मातीबद्दल. वरून बघितलं तर भेगा पडलेली मेलेली जमीन, पण त्या मातीत बारीक कवचधारी प्राण्यांची अंडी वर्षानुवर्षं पडून असतात, शील्ड श्रिंप, क्लॅम श्रिंप, कोपेपॉड वगैरे. पाणी लागलं की काही दिवसांत ती फुटतात. शिवाय कोरड्या काळात साठलेला पालापाचोळा आणि शेण पाण्यात आलं की पोषकद्रव्यं एकदम मोकळी होतात, शेवाळ वाढतं, त्यावर हे किडे, किड्यांवर मासे. म्हणून कायम भरलेल्या तळ्यापेक्षा बराच काळ वाळून परत भरलेलं तळं पहिल्या काही आठवड्यांत कितीतरी जास्त खाणं देतं.

इथून एक गोष्ट निघते, तलाव कायम भरून ठेवणं हा पक्ष्यांसाठी उपाय नाही. वाळणं हासुद्धा त्या व्यवस्थेचाच भाग आहे. धरणाच्या जलाशयात पाणी बारा महिने असतं तरी तिथे वसाहती करून वीण घालणारे पक्षी फारसे नसतात, त्याचं कारण हेच असणार, काठ उभा, उथळ पाणी कमी आणि हा ओलं-सुकं होण्याचा खेळ बंद.

१७ जानेवारी

पाण्याचे नकाशे काढायला घेतले आणि पहिल्याच सरोवरात डोकं फिरलं. पाणी ओळखायला जो निर्देशांक वापरतोय तो हिरवा प्रकाश आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड यांच्या फरकावर चालतो, पाणी इन्फ्रारेड जवळपास सगळं शोषून घेतं म्हणून वेगळं दिसतं. पण ओलसर मिठाचा थरसुद्धा तेच करतो, हिरव्यात भरपूर चमकतो आणि इन्फ्रारेडमध्ये काळा पडतो. म्हणजे लेक एअर कोरडं असतानाही निर्देशांक म्हणतोय पाणी आहे.

मॅक्वारी मार्शेस या मरे-डार्लिंगमधल्या दलदलीत बरोबर उलट. तिथे लव्हाळ्यांखाली आणि रेडगम झाडांखाली गुडघाभर पाणी उभं असतं आणि सॅटेलाईटला नुसता हिरवा रंग दिसतो. आणि नेमकं तिथेच घरटी असतात!

तोडगा असा काढलाय की एकच उंबरठा, म्हणजे कुठल्या आकड्यापुढे पाणी म्हणायचं ती सीमा, सगळीकडे लावायचा नाही. मिठाच्या सरोवरांसाठी शोषण जास्त असलेले बाकीचे बँडही बघायचे, आणि दलदलीसाठी 'हिरवेपणा अचानक वाढला' हीच पाणी आल्याची खूण धरायची, कारण एवढ्या कोरड्या प्रदेशात झाडोरा उगाच हिरवा होत नाही. तपासायला ऑस्ट्रेलियन सरकारचे लँडसॅटवरून केलेले तयार नकाशे आहेत, त्यात प्रत्येक पिक्सेल किती वेळा ओला होता ते कळतं. अडचण एवढीच की लँडसॅट एका जागेवर १६ दिवसांनी येतो, दोन सॅटेलाईट चालू असतील तर ८, आणि पुराच्या वेळी ढग असतात. २०१५ नंतर सेंटिनेल-२ या दुसऱ्या सॅटेलाईटमुळे बरंच सोपं झालंय.

२१ जानेवारी

सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं असं वाटतंय. प्रत्येक पक्ष्याला पाणी किती दिवस लागतं ते एकाखाली एक लिहून काढलं.

पेलिकन. अंडी ३२ ते ३५ दिवस उबवायची, मग पिल्लू उडायला साधारण तीन महिने, म्हणजे चार महिन्यांहून जास्त काळ जवळपास मासे असलेलं पाणी हवं, तेही आसपासचे मासे वाढून मोठे झाल्यावर, म्हणजे पूर आल्याच्या लगेच नाही.

स्ट्रॉ-नेक्ड आयबिस, म्हणजे शराटीचाच तिकडचा भाऊबंद. २४-२५ दिवस उबवणं, मग पिल्लं महिनाभराहून जास्त घरट्यात आणि आजूबाजूला. घरटं बांधण्यापासून धरलं तर तीनेक महिने घरट्याखाली पाणी टिकायला हवं. गंमत म्हणजे हा पक्षी खातो बरंचसं कोरड्या जमिनीवर, नाकतोडे, टोळ, म्हणून शेतकऱ्यांना तो आवडतो. तरी घरटं मात्र पाण्यावरच, दाबून सपाट केलेल्या लिग्नमवर नाहीतर लव्हाळ्यात. खालचं पाणी भराभर उतरलं तर पूर्ण वसाहत अंडी-पिल्लं टाकून निघून जाते.

पट्टेरी शेकाट्या, बँडेड स्टिल्ट. तीन आठवडे उबवणं आणि पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच चालत पाण्याकडे निघतात. घाईतला पक्षी.

करडी टील बदकं सगळ्यात लवचिक, पाणी चढायला लागलं की लगेच सुरू.

म्हणजे एकच पूर, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. सहा आठवड्यांचा पूर आयबिसला आणि पेलिकनला अजिबात पुरणार नाही. आणि वाईट म्हणजे अर्धवट पूर हा पूर न येण्यापेक्षा महाग पडू शकतो, कारण पक्षी शरीरातली सगळी शक्ती लावून घरटी करतात आणि हाती काही लागत नाही. आजपासून तक्त्याचा मुख्य कॉलम 'किती दिवस ओलं' हाच, पसारा दुसऱ्या नंबरवर.

२८ जानेवारी

नॅरन लेक्सचं प्रकरण सविस्तर वाचलं. यावर वेगळी नोंद हवीच.

न्यू साऊथ वेल्सच्या उत्तरेला, कोंडामाइन-बलॉन नदीच्या शेवटी ही तळी आहेत. वर क्वीन्सलँडमध्ये शेतांवर मोठमोठी साठवण तळी बांधलीत, पुराचं पाणी वळवून त्यात घेतात, कापसासाठी. खाली पोचतं ते उरलेलं. २००८ च्या सुरुवातीला बऱ्याच वर्षांनी चांगलं पाणी आलं आणि आयबिस जमले, सत्तर हजारांहून जास्त घरटी. मग पाणी उतरायला लागलं. पिल्लं अजून उडण्याजोगी नव्हती. तेव्हा मरे-डार्लिंग खोऱ्याच्या यंत्रणेने वरच्या भागातून पाणी अक्षरशः विकत घेतलं, साधारण १० अब्ज लिटर, आणि ते तळ्यात सोडलं. त्यामुळे वसाहत एकदम कोसळली नाही आणि बऱ्याच पिल्लांना उडण्यापर्यंत वेळ मिळाला.

वाचून आनंद झाला आणि त्रासही झाला. आनंद यासाठी की एखाद्या सरकारी यंत्रणेने पक्ष्याच्या पिल्लांसाठी पाणी विकत घेतलं, काही आठवड्यांचा प्रश्न ओळखून वेळेत घेतलं, हे मला खरंच मोठं वाटतं. त्रास यासाठी की जे पाणी नदीतून आपोआप येत होतं त्याची पावती फाडावी लागली. आणि दरवेळी कुणी वेळेत लक्ष देईलच असं नाही.

कामाच्या दृष्टीने नोंद : नॅरनच्या ग्राफमध्ये नैसर्गिक पुराचा उतार आणि सोडलेल्या पाण्याचा टप्पा वेगळा रंगवायचा.

३ फेब्रुवारी

शेकाट्यांचा दिवस. या पक्ष्याबद्दल वाचताना बाकी सगळं काम मागे पडलं पण पडू दे.

एरवी किनाऱ्यालगतच्या खाजणांत आणि मिठागरांत असतात. आत शेकडो किलोमीटरवर कोरडं मीठ-सरोवर भरलं की रातोरात गायब. १९३० पर्यंत यांची वीण कुठे होते हे शास्त्रज्ञांना माहीतच नव्हतं, एवढा सामान्य पक्षी असून. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यावर सॅटेलाईट ट्रान्समीटर लावले होते, तेव्हा दिसलं की पक्षी काही रात्रींतच हजार-दोन हजार किलोमीटर अंतर कापून नुकत्याच पाऊस झालेल्या सरोवरांवर पोचतात. इतक्या लांबून त्यांना कसं कळतं हे कोडं विज्ञानाला अजून सुटलेलं नाही. तिथे मिठाच्या पाण्यातली कोळंबी, म्हणजे ब्राइन श्रिंप, प्रचंड संख्येने वाढलेली असते आणि बेटांवर हजारोंच्या वसाहती बसतात.

पण त्यांच्या मागोमाग चंदेरी कुरव (सीगल) येतात. हे पक्षी शहरांच्या कचऱ्यावर वाढलेत, संख्या अवाच्या सवा झालीये, आणि लेक एअरवर त्यांनी शेकाट्यांची अंडी आणि पिल्लं इतकी फस्त केली की सरकारला कुरवांची संख्या कमी करायची मोहीम घ्यावी लागली. मी हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण आपला अख्खा प्रकल्प पाण्यावर उभा आहे आणि इथे पाणी उत्तम असूनही वीण फसते, ते सुद्धा खूप लांबच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यामुळे. मॉडेलमध्ये हे येणार नाही, निदान लिखाणात यायलाच हवं.

१० फेब्रुवारी

आज सगळ्यात जास्त विचार केला तो मधल्या पुरांचा.

मॅक्वारी नदीवर बरेंडाँग धरण १९६७ मध्ये पूर्ण झालं. खाली मॅक्वारी मार्शेस, १९८६ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत, बगळे, आयबिस, चमचे, पाणकावळे यांच्या वसाहतींसाठी नावाजलेली दलदल. धरण झाल्यावर काय होतं? अतिप्रचंड पूर धरणालाही अडवता येत नाही, तो सांडव्यावरून खाली येतोच, आणि त्याच वर्षी पेपरात हिरव्यागार दलदलीचे फोटो येतात. एकदम छोटं पाणी दलदलीला तसंही पुरत नव्हतं. मार खातात ते मधले पूर, दर दोन-तीन वर्षांनी येणारे, वीण होण्याइतकं पाणी आणणारे पण बातमी होण्याइतके मोठे नसलेले. ते धरणाच्या पोटात अलगद मावतात.

आता पक्ष्याच्या बाजूने बघू. आयबिस बरीच वर्षं जगतो, त्यामुळे एखादं वर्ष वीण नाही झाली तरी काही बिघडत नाही, कोरड्या प्रदेशातला पक्षी त्यासाठीच बनलाय. पण वयात यायलाच त्याला काही वर्षं लागतात, आणि मधे आठ-दहा वर्षं मोठी वीणच झाली नाही तर म्हातारे पक्षी संपत जातात आणि खालून तरुण येत नाहीत. शतकाच्या सुरुवातीच्या लांबलेल्या दुष्काळात, ज्याला तिकडे मिलेनियम ड्रॉट म्हणतात, मरे-डार्लिंगमध्ये हेच झालं, दुष्काळ तर होताच पण वरून पाणीही काढून घेतलं जात होतं, त्यामुळे कोरडा काळ होता त्याहून लांब झाला. मग २०१० ला मोठा पूर आला तेव्हा वीण झाली, जोरात झाली, पण ती करायला मुळात पक्षी कमी उरले होते.

म्हणून मला असं ठामपणे वाटतं की या प्रकल्पाचा मुख्य मुद्दा 'मोठा पूर किती मोठा' हा नसून 'दोन पुरेशा पुरांमध्ये अंतर किती' हा आहे. पुरेसा म्हणजे वीण पूर्ण होईल इतके दिवस टिकलेला. कॉलम वाढवला.

१४ फेब्रुवारी

आकडे. पूर्व ऑस्ट्रेलियात १९८३ पासून दर ऑक्टोबरला विमानातून पाणपक्षी मोजतात, रिचर्ड किंग्सफर्ड आणि त्यांचे न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातले सहकारी. अक्षांशाच्या दर दोन अंशांवर ३० किलोमीटर रुंदीचा एक पट्टा, असे दहा पट्टे, जवळपास एक तृतीयांश खंड. विमान जेमतेम ४५-५० मीटर उंचीवरून जातं आणि दोन्ही बाजूला निरीक्षक बसून मोजत जातात. चाळीस वर्षांहून जास्त, एकाच पद्धतीने. असा डेटा जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि जी माणसं ही गणना दरवर्षी न चुकता करतायत त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

यावरच २०१७ मध्ये दोन खोऱ्यांची तुलना आली, १९८३ ते २०१२ चा काळ घेऊन. मरे-डार्लिंगमध्ये पाणपक्षी खूप घटले, लेक एअर खोऱ्यात संख्या वर-खाली झाली, पुराच्या वर्षी उसळली, दुष्काळात पडली, पण दीर्घकालीन घसरण तशी दिसली नाही. आपण जे पिक्सेल-पिक्सेल करून शोधतोय ते मोठ्या चित्रात आधीच दिसलेलं आहे. आपलं काम एवढंच की ते 'दिवस' आणि 'अंतर' यांच्या भाषेत एकेका तळ्यावर तपासून बघायचं.

एक सावधगिरी मात्र. पुराच्या वर्षी सगळीकडे पाणी असतं आणि पक्षी पांगतात, पट्ट्याच्या बाहेरच्या तळ्यांवरही जातात, त्यामुळे उत्तम वर्षातही मोजणी कमी येऊ शकते. उलट दुष्काळ सुरू होताना उरलेल्या दोन-चार तळ्यांवर सगळे दाटीवाटीने जमतात आणि एका ठिकाणचा आकडा फुगलेला दिसतो. म्हणून एका तळ्याची एका वर्षाची संख्या घेऊन 'पक्षी वाढले' किंवा 'घटले' असं म्हणायचं नाही. वीण झाली का, किती घरटी, किती प्रजाती, हे जास्त भरवशाचं.

१९ फेब्रुवारी

पुराची वाईट बाजू, छोटी नोंद. बरीच वर्षं पूर आला नाही की पूरमैदानावर पानांचा थर साठतो, मग उन्हाळ्यात पाणी चढलं की तो कुजतो, पाणी चहासारखं काळं होतं, ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. २०१०-११ ला मरे नदीत हे मोठ्या प्रमाणावर झालं. मेलेल्या माशांवर काही पक्षी काही दिवस जगतात पण मासेखाऊ पक्ष्यांचं पुढचं खाणं गेलं. आणि पाणी उतरताना कोमट, साचलेल्या डबक्यांत बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने येणारा लकवा, होतो, बदकांना मानच उचलता येत नाही. पूर जितका उशिरा येईल तितका पालापाचोळा जास्त, म्हणजे हासुद्धा परत अंतराचाच प्रश्न.

२४ फेब्रुवारी

टीममधल्या मैत्रिणीने विचारलं की हे फक्त ऑस्ट्रेलियाचं वैशिष्ट्य आहे का. रास्त प्रश्न, म्हणून एक दिवस साहेलवर, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यावर, दिला.

मालीमधला इनर नायजर डेल्टा. गिनीच्या डोंगरांत पडलेला पाऊस सहाराच्या कडेला येऊन पसरतो, पूर सर्वोच्च होतो तो पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तिथे युरोपातून आलेली गार्गनी बदकं, जांभळे बगळे हिवाळा काढतात. १९८०च्या दशकातल्या दुष्काळात पूर फारच लहान झाले, आणि नेदरलँड्समध्ये वीण घालणाऱ्या जांभळ्या बगळ्यांची संख्या पश्चिम आफ्रिकेतल्या पाण्याबरोबर वर-खाली होते हे तेव्हाच लक्षात आलं होतं. म्हणजे घरटं एका खंडात आणि पूर दुसऱ्या! पूर लहान असला की पक्षी थोड्याशा पाण्यात कोंबले जातात, खाणं कमी, जाळ्यात सापडणंही सोपं, आणि परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी साठत नाही.

फरक हा की ऑस्ट्रेलियात पूर वीण ठरवतो आणि इथे पूर जगणं-मरणं ठरवतो. वर धरणं आहेतच, मार्कालाचा बंधारा १९४७ चा, सेलिंगे १९८२ चं. आणि त्या पुरावर मच्छीमार, गुराखी, भातशेतकरी सगळेच जगतात, पक्षी आणि माणसं इथे एकाच बाजूला आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रकल्पात यावर एक पान ठेवू, जास्त नाही.

२ मार्च

कूपर क्रीकवर परत. १९९५ मध्ये विंडोराजवळ करारेवा इथे कापसासाठी या नदीचं पाणी उचलायचा प्रस्ताव आला होता. स्थानिक पशुपालक आणि शास्त्रज्ञ दोघेही विरोधात उभे राहिले आणि तो फेटाळला गेला. पुढे २००० मध्ये लेक एअर खोऱ्यासाठी सरकारांमध्ये करार झाला. हा प्रस्ताव मंजूर झाला असता तर आज आपल्याकडे तुलनेला 'मोकळी नदी' उरलीच नसती, कदाचित कूपरचा ग्राफही नॅरनसारखाच दिसला असता.

पशुपालकांचं कारण साधं होतं, पूर उतरल्यावर मैदानावर जो चारा येतो त्यावर त्यांची गुरं जगतात.

९ मार्च

डेटाची सध्याची स्थिती. मिठाच्या सरोवरांचे नकाशे आता पटण्याजोगे येतायत. मॅक्वारीत झाडाखालचं पाणी अजून कमी पकडलं जातंय, त्यासाठी रडारचा डेटा, सेंटिनेल-१, बघायचा कारण रडार ढगातून तर जातंच आणि लव्हाळ्यांखालच्या पाण्याचा वेगळा परतावा देतं. पण तो २०१४ नंतरचाच आहे, म्हणजे जुन्या पुरांसाठी हिरवेपणाचीच पद्धत.

सरांना सुधारित तक्ता दाखवला. प्रत्येक तळ्यासाठी तीन गोष्टी : सलग ओले दिवस, पाणी उतरण्याचा वेग, आणि मागच्या पुरेशा पुरापासून गेलेली वर्षं. 'पुरेसा' हे प्रजातीप्रमाणे बदलणार, पेलिकनसाठी वेगळा, आयबिससाठी वेगळा. ते म्हणाले उतरण्याचा वेग वेगळा ठेवलास ते बरं केलंस, वसाहत सोडून जाणं बहुतेक त्यावरच ठरतं. विमान मोजणीच्या सुरुवातीच्या काही वर्षांसाठी तयार पाण्याचे नकाशे नाहीत, तिथे नदीच्या मोजमाप केंद्रांवरचा प्रवाह वापरायचा असं ठरलं.

पुढची कामं : नॅरनचा २००८ चा ग्राफ आधी पूर्ण करायचा, त्यानंतर मॅक्वारी २०१०, मग कूंगी लेक्स त्याच वर्षीचे शेजारी ठेवून. २०२५ च्या पुराचे सेंटिनेल फोटो डाउनलोडला लावलेत.